शटर खाली, फ्रीज बंद : बिघाडाचा फोन वेळेत कसा येणार?

कारेलीबाग (वडोदरा) : रात्री अमितनगर सर्कल, मुक्तानंद, व्हीआयपी रोड या पट्ट्यातल्या औषध दुकानांची शटरं एकेक करून खाली येतात. दिवे बंद होतात, गल्ला घरी जातो. आत एकच यंत्र कामावर राहतं, ते म्हणजे फ्रीज. त्यात इन्सुलिनची पेनं आणि व्हायल, काही लशी, डोळ्यांचे काही थेंब, टोचण्याची महागडी औषधं. शटर पुन्हा वर जाईपर्यंत दहा-अकरा तास त्याच्याकडे बघायला कोणी नसतं.

आता समजा मध्यरात्री कॉम्प्रेसर अडकला आणि पहाटे आपोआप सुटला. किंवा लाईट गेली आणि पाच तासांनी आली. सकाळी दुकान उघडतं तेव्हा फ्रीजच्या दारावर लाल आकडा ५ दाखवतो. सगळं ठीक दिसतं. इन्सुलिन पूर्वीसारखंच स्वच्छ पाणी दिसतं. त्याची ताकद कमी झाली असेल तर ते डोळ्यांना कळत नाही, दुकानदारालाही नाही आणि घेणाऱ्या आजींनाही नाही. कळतं ते पंधरा दिवसांनी, साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो तेव्हा.

हे टाळायची सोय बऱ्याच दुकानांत आधीच बसवलेली आहे. डिजिटल थर्मोस्टॅट, ज्याला मिस्त्री लोक ‘कंट्रोलर’ म्हणतात, त्यात अलार्मची सेटिंग असते. पण फ्रीज येतो तेव्हा फिटर सांगतो, “काका, कंपनी सेटिंग आहे, हात लावू नका,” आणि काका खरंच वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. अनेकदा कंपनी सेटिंगमध्ये अलार्म बंदच असतो किंवा त्याची मर्यादा इतकी सैल असते की तो वाजेपर्यंत काम आटोपलेलं असतं.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली आणि बडोद्याच्या अनेक भागांत पाणी शिरलं. वीजपुरवठा कित्येक ठिकाणी बंद ठेवावा लागला. तेव्हा दुकानापर्यंत पोहोचणंच अवघड होतं, ती गोष्ट वेगळी. पण पूर रोज येत नाही, लाईट मात्र कधीही जाते. ती एमजीव्हीसीएलची असो, महावितरणची असो किंवा बेळगावकडे हेस्कॉमची. त्यामुळे खालची माहिती कारेलीबागेतल्या दुकानाला जितकी लागू आहे तितकीच नवापूरच्या दवाखान्याला आणि निपाणीच्या आईस्क्रीमवाल्यालाही.

आधी थर्मोस्टॅट म्हणजे काय ते थोडक्यात. घरच्या जुन्या फ्रीजमध्ये १ ते ७ आकड्यांची चकती असते. ते आकडे अंशांचे नाहीत, थंडाव्याच्या जोराचे आहेत. ७ वर ठेवलं म्हणजे ७ अंश होतं हा गैरसमज औषध दुकानांतही आढळतो आणि तो महागात पडतो. डिजिटल कंट्रोलरमध्ये वायरच्या टोकाला एक सेन्सर असतो, त्याला प्रोब म्हणतात. प्रोब तापमान सांगतो, कंट्रोलर ठरलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. आकडा ५ ठेवला आणि फरक १ दिला, तर बहुतेक कंट्रोलर ६ ला कॉम्प्रेसर चालू करतात आणि ५ ला बंद. काहींमध्ये फरक दोन्ही बाजूंना धरला जातो, म्हणून पुस्तिका बघावी. हा फरक फार कमी ठेवला तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर मरतो.

अलार्मकडे येताना एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी लागते. तापमान बिघडल्याची सूचना आणि यंत्र बिघडल्याची सूचना या दोन वेगळ्या आहेत. पहिली उशिरा येते, कारण आतला माल गरम व्हायला वेळ लागतो. दुसरी लवकर येते, कारण ती थेट यंत्राकडे बघते: वीज गेली, प्रोबची वायर तुटली, कॉम्प्रेसर दोन तास थांबलाच नाही, दार उघडं राहिलं. धावपळ करायला जो वेळ हवा असतो तो या दुसऱ्या सूचनेमुळे मिळतो. बहुतेक दुकानांत मात्र सेट केलेली असली तर फक्त पहिली असते.

आकडे किती ठेवायचे?

इन्सुलिन आणि बहुतेक लशींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा आहे. औषध नियमावलीच्या ‘शेड्यूल पी’मध्येही ‘थंड जागा’ म्हणजे ८ अंशांपेक्षा जास्त नाही अशी व्याख्या आहे. म्हणून मधला ५ हा आकडा लावतात. वरचा अलार्म ८ ला लावण्यापेक्षा साडेसातला लावलेला बरा. आठला वाजला तर मर्यादा आधीच ओलांडलेली असते.

खालच्या अलार्मकडे मात्र फारच दुर्लक्ष होतं. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, त्यामुळे सगळ्यांच्या मनात भीती उकाड्याची. उन्हाळ्यात चकती किंवा सेटिंग वाढवून ठेवायची आणि दिवाळीनंतर ती तशीच विसरायची, ही आपली सवय. पण इन्सुलिनचा हिशेब उलटा आहे. न उघडलेलं इन्सुलिन काही तास २५-३० अंशांत राहिलं तर लगेच फुकट जात नाही. वापरात असलेली बरीच इन्सुलिनं तर त्या तापमानाला सुमारे चार आठवडे चालतात. गोठलेलं इन्सुलिन मात्र वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी फेकायचंच असतं. हिपॅटायटिस बीची लस शून्याखाली अर्ध्या अंशाच्या आसपास गोठते आणि निकामी होते. म्हणजे उष्णतेने जे तासांत किंवा दिवसांत बिघडतं ते थंडीने एका झटक्यात बिघडतं. खालचा अलार्म अडीचला ठेवावा आणि त्याला वेळेची सूट कमीत कमी द्यावी.

वेळेची सूट म्हणजे काय? प्रत्येक चांगल्या कंट्रोलरमध्ये ‘अलार्म डिले’ असतो. तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर किती मिनिटं वाट बघून वाजायचं, तो हा आकडा. शून्य ठेवला तर संध्याकाळी सातच्या गर्दीत दार दहा वेळा उघडलं की दहा वेळा घंटा. दोन दिवसांत पोरगा बझरवर सेलोटेप चिकटवतो आणि तिसऱ्या दिवशी खरा बिघाड होतो. लांडगा आला रे आला, दुसरं काय. उलट दोन तास ठेवला तर अलार्म असून नसल्यासारखा. वरच्या मर्यादेला पंधरा-वीस मिनिटं आणि खालच्या मर्यादेला पाच मिनिटं, इथून सुरुवात करावी आणि आठवडाभर बघून कमी-जास्त करावं. ज्या फ्रीजमध्ये आपोआप बर्फ वितळवण्याची सोय आहे, म्हणजे डीफ्रॉस्ट, तिथे तेवढ्या वेळापुरतं हवेचं तापमान चढतं. त्या काळात अलार्म न वाजण्याची वेगळी सेटिंग असते. वीज परत आल्यावर पहिल्यांदा थंड व्हायला जो वेळ लागतो त्याचीही वेगळी सूट असते. ती काही यंत्रांत तासांमध्ये असते, मिनिटांमध्ये नाही. पुस्तिका न वाचता ३० टाकलं तर ३० तास होऊ शकतात.

आणखी एक सेटिंग कॉम्प्रेसरच्या विश्रांतीची. लाईट जाऊन लगेच आली आणि कॉम्प्रेसर त्याच क्षणी सुरू झाला, तर आतला दाब उतरलेला नसतो आणि तो अडकतो किंवा जळतो. तीन मिनिटांची सूट ठेवतात ती याचसाठी. बरेच स्टॅबिलायझरही हेच काम करतात.

प्रोब कुठे आहे, यावर सगळं

आकडे अचूक आणि प्रोब चुकीच्या जागी, असं झालं तर सगळी मेहनत वाया. पंख्यासमोरच्या हवेत लटकणारा प्रोब दार उघडलं की उडी मारतो आणि बंद केलं की परत येतो. औषध मात्र कुपीत असतं, ते इतक्या लवकर तापतही नाही आणि निवतही नाही. म्हणून अलार्मचा प्रोब छोट्या बाटलीत, ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन भरून बुडवून ठेवतात. ते न मिळाल्यास बाटलीत कोरडी बारीक वाळूही चालते. ही बाटली औषधाच्या मधल्या कप्प्यात, औषधांच्याच शेजारी. दारात नाही, मागच्या भिंतीला टेकून नाही. मागची भिंत हीच गोठण्याची जागा असते आणि इन्सुलिनचे खोकेही नेमके तिथेच ढकलले जातात.

कॉम्प्रेसर चालवणारा प्रोब कंपनीने जिथे लावलाय तिथेच राहू द्यावा. अलार्मसाठी दुसरा, स्वतंत्र प्रोब घ्यावा. एकाच प्रोबवर दोन्ही कामं असली आणि तो चुकीचा आकडा दाखवायला लागला, तर फ्रीजही फसतो आणि अलार्मही. प्रोब खरा बोलतो का ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडंसं पाणी, प्रोब मधोमध धरून ढवळत पाच मिनिटं थांबा. आकडा शून्याच्या आसपास, अर्धा अंश इकडेतिकडे यायला हवा. दीड-दोन अंशांचा फरक असेल तर कंट्रोलरमध्ये दुरुस्तीचा आकडा टाकता येतो, पण प्रोब बदलणं जास्त शहाणपणाचं. तो स्वस्तातला भाग आहे.

वायर तुटली किंवा प्रोब खराब झाला की कंट्रोलरवर आकड्याऐवजी कोड येतो. हे कोड कंपनीगणिक वेगळे असतात. पुस्तिकेतले चार-पाच कोड कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवावेत, तेही ज्याला वाचायचे आहेत त्याच्या भाषेत. कारेलीबागेत मालक घरी मराठी बोलणारा, काउंटरवरचा मुलगा गुजराती आणि अलार्म इंग्रजी, असं सहज जमून येतं. ‘प्रोब तुटला, काकांना फोन करा’ एवढं गुजरातीत लिहिलेलं असलं तरी पुरतं.

घंटा दुकानात वाजते, माणूस घरी झोपतो

बझर बंद शटरमागे वाजला तर ऐकणार रस्त्यावरची कुत्री. म्हणून कंट्रोलरच्या मागे ‘अलार्म रिले’ नावाचे दोन स्क्रू असतात, त्यांना फोन लावणारं यंत्र जोडता येतं. जीएसएम डायलर म्हणून ते बाजारात मिळतं. आत सिम घालायचं, नंबर भरायचे. जोडणी करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला एक गोष्ट आवर्जून सांगावी: रिलेची जोडणी अशी हवी की सगळं ठीक असताना तो धरून ठेवलेला राहील आणि अलार्म आला किंवा वीजच गेली की सुटेल. उलटी जोडणी केली तर लाईट गेल्यावर कंट्रोलर मरतो आणि त्याच्याबरोबर अलार्मही मरतो. ज्या प्रसंगासाठी खर्च केला, त्याच प्रसंगी यंत्र गप्प. ही जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी, दोनशेतीस व्होल्टच्या तारा घरच्या पेचकसाने उघडायच्या नाहीत.

डायलरला स्वतःची बॅटरी हवी. वायफायवर चालणारी स्वस्त यंत्रं घेताना हाच प्रश्न विचारावा: लाईट गेली की राउटरही बंद पडतो, मग निरोप कसा जाणार? राउटरला छोटा यूपीएस लावला तर भागतं, नाहीतर सिमवालं यंत्र बरं. त्यातही एक खोच आहे. स्वस्त डायलर बहुधा २जी वर चालतात आणि जिओचं जाळं ४जी पासून सुरू होतं, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालत नाही. आणि सिमचा रिचार्ज. डायलर वर्षभर गप्प बसतो, त्या सिमवरून कोणी बोलत नाही, मग रिचार्ज विसरला जातो आणि सिम बंद होतं. मोबाइलमध्ये रिचार्जच्या तारखेची आठवण लावून ठेवणं हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात फुकटचा आणि सगळ्यात चुकणारा भाग.

नंबर कोणाचे भरायचे? एकच नंबर पुरत नाही. सरकारी लस भांडारांत २०१५ पासून आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘ईविन’ ही व्यवस्था उभी केली. त्यात लशींच्या फ्रीजला सिम असलेला तापमान-नोंदणी यंत्र लावलेला असतो आणि तापमान बिघडलं की मोबाइलवर संदेश जातो. दुकानदाराने त्यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे: फ्रीजचं तापमान हा एका माणसाच्या नजरेवर सोडायचा विषय नाही. पहिला नंबर मालकाचा, दुसरा दुकानाच्या जवळ राहणाऱ्या आणि ज्याच्याकडे किल्ली आहे अशा माणसाचा. किल्ली महत्त्वाची. मांजलपूरला राहणाऱ्या मालकाला रात्री दोन वाजता फोन आला तर तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणार. त्याच गल्लीतला भाचा दहा मिनिटांत पोहोचतो.

एसएमएसपेक्षा फोनची रिंग निवडावी. झोपेत एसएमएस कोण बघतो? आणि बडोद्यात नवरात्रीच्या नऊ रात्री तर रिंगसुद्धा ऐकू येत नाही. मैदानावर हजारो लोक गरबा खेळत असताना खिशातला फोन म्हणजे नुसतं वजन. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं आणि दुकानं बंद. या दिवसांसाठी तिसरा नंबर असा हवा, जो पतंग उडवत नाही.

फोन आल्यावर पोहोचून करायचं काय, हेही आधी ठरवायला लागतं. दार उघडून आत हात घालून बघायचा मोह आवरावा. बंद दाराचा फ्रीज काही तास थंडावा धरतो. काचेच्या दाराचा कमी वेळ धरतो. आधी बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहायची. मग प्लग, एमसीबी, स्टॅबिलायझर बघायचा. तासाभरात लाईट येण्याची चिन्हं नसतील तर माल आईसबॉक्समध्ये हलवायचा. पण फ्रीझरमधून काढलेला टणक बर्फाचा पॅक थेट इन्सुलिनला टेकवायचा नाही. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळायला लागलं की मगच, तोही मध्ये जाड पुठ्ठा घालून. उकाड्यापासून वाचवलेलं औषध वाटेत गोठवून मारायचं, हे लशींच्या वाहतुकीतलं जुनं दुखणं आहे.

आणि न विकलेल्या मालाचा हिशेब. माल शंकास्पद ठरला तर तो विक्रीच्या रॅकमधून बाजूला काढून कंपनीला किंवा वितरकाला विचारायचं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, किती तापमान आणि किती वेळ? नोंद नसेल तर उत्तर नाही, आणि उत्तर नसेल तर सगळाच माल टाकावा लागतो. इथे नुसता अलार्म पुरत नाही, दर काही मिनिटांनी आकडा साठवणारा लॉगर हवा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो असतो किंवा वेगळा मिळतो. टाकलेल्या मालाचा फटका खरेदी किमतीवर थांबत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे माल गेला, मालावर भरलेला करही गेला. फ्रीजमधल्या मालाचा विमा असेल तर यंत्राच्या बिघाडामुळे खराब झालेला माल त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत शोधावं. आग आणि पुराच्या साध्या पॉलिसीत ते आपोआप येतं असं धरून चालू नये. दाव्याच्या वेळी लॉगरची नोंदच कामी येते.

यंत्राच्या बिघाडाची सगळ्यात लवकर मिळणारी खूण मात्र कुठल्याही सेटिंगशिवाय दिसते. फ्रीजच्या मागची किंवा खालची जाळी धुळीने भरली की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. आकडा ५ च दाखवत राहतो, पण दमछाक चालू असते. काही कंट्रोलरमध्ये ‘कॉम्प्रेसर सलग इतका वेळ चालला तर सांग’ अशी सेटिंग असते. आपल्या फ्रीजला साधारण किती वेळ लागतो ते दोन दिवस बघून त्याच्या दुप्पट आकडा तिथे टाकावा. तापमान चढण्याच्या कितीतरी आधी, कधी काही दिवस आधी, हा अलार्म वाजतो. तेव्हा मिस्त्रीला बोलवायचं, आणि मिस्त्री यायच्या आधी प्लग काढून जाळी मऊ ब्रशने साफ करून बघायची. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

सगळं लावून झाल्यावर एका दुपारी, दुकान उघडं असताना, चाचणी घ्यावी. इन्सुलिन आधी दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवायचं. मग प्लग ओढायचा आणि घड्याळ बघायचं: पहिला फोन किती मिनिटांत आला, दुसऱ्या नंबरवर गेला का? प्लग परत लावून कंट्रोलर नेहमीसारखा चालू झाला की अलार्मच्या प्रोबची पिन काढायची, कोड येतो का, फोन लागतो का? शेवटी दार वीस-पंचवीस मिनिटं उघडं ठेवायचं. तीनपैकी एक जरी निरोप आला नाही तर जोडणारा माणूस पैसे घेऊन जायच्या आतच त्याला थांबवायचं. नंतर ही चाचणी महिन्याच्या पहिल्या तारखेला, स्टॉकची मोजणी होते त्याच दिवशी. सिमचा रिचार्ज आणि डायलरच्या बॅटरीची तारीखही त्याच वहीत.